पव्व्याचा दंड भरला म्हणून केस मिटत नाही! जुन्या दारूच्या गुन्ह्यामुळे सरकारी नोकरी अडते का?



मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीची लाईन होती म्हणून मोटर लावायला वावरात निघालो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. पोट्ट्याचं भरतीच्या यादीत नाव लागलं. घरात पेढे वाटून झाले. आता कागदपत्रांचं काम सुरू होतं अन् हातात एक फॉर्म पडला होता. साक्षांकन नमुना म्हणतात त्याला.

"मामा, येथं विचारलं आहे, तुम्हाला कधी अटक झाली का, कोर्टानं कधी दंड केला का. मी 'नाही'च लिवतो नं? पोळ्याच्या वेळचं तं तवाच मिटलं होतं नं?"

मी धुऱ्यावरच उभा राहिलो. उत्तर लगेच सुचलं नाही, कारण ते 'मिटवणारा' मीच होतो.

चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या करीला हा दोस्तांसोबत नदीच्या पुलापलीकडे गेला होता. येताना गाडीच्या डिक्कीत दोन पव्वे. अलीकडे नाकाबंदी. वय एकोणीस. दारूबंदीची केस झाली. पुढं कोर्टाची तारीख लागली तेव्हा सोबत मी गेलो. वकील म्हणाले, लढता येईल. मी म्हणालो, "दोन पव्व्यांसाठी कोण तारखा करत बसते? कबूल कर, दंड भर, मोकळा हो." त्यानं माझं ऐकलं. दंड भरला, बाहेर चहा घेतला, दुपारी आम्ही दोघं पऱ्हाटीत फवारा मारत होतो.

मंडळी, तो मोकळा झाला नव्हता. 'कबूल' म्हणाला त्या क्षणी तो कायद्याच्या भाषेत दोषी ठरला होता.

ही एकट्या माझ्या भाच्याची गोष्ट असती तर लिहिली नसती. आपल्या जिल्ह्यात चार घरं सोडून पाचव्या घरात अशी एखादी 'मिटलेली' केस निघते. अन् पोलीस, सैन्य, रेल्वे, वनरक्षक, पोलीस पाटील, पुलगावचा डेपो, कुठंही अर्ज केला की ती वर येते. म्हणून आज हा विषय नीट उलगडून पाहू.

पुलाच्या अलीकडचा कायदा

वर्धा जिल्हा म्हणजे गांधीजींचा अन् विनोबांचा. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात राहायला आले, तेच पुढं सेवाग्राम झालं. त्या वारशामुळे आपल्याकडे पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. पुढं १९९३ मध्ये गडचिरोलीत झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली अन् २०२१ मध्ये सरकारनं उठवली.

कायदा मात्र साऱ्या महाराष्ट्राला एकच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. फरक अंमलबजावणीत पडतो. नदीच्या पलीकडे अमरावती, यवतमाळ जिल्ह्यात दुकानात बिल घेऊन जे मिळते, तेच पुलाच्या अलीकडे डिक्कीत सापडलं की गुन्हा.

म्हणून दोन सारख्या पोरांचं पाहा. दोघंही वर्षातून एकदा करीला पिणारे. एक धामणगावकडचा, एक देवळी तालुक्यातला. धामणगाववाल्यानं सरकारमान्य दुकानातून पव्वा घेतला, घरी जाऊन झोपला. आपल्यावाल्याचं नाव पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात गेलं. पाच वर्षांनी दोघंही एकाच भरतीच्या मैदानावर धावतात. धामणगाववाल्याचा फॉर्म कोरा, आपल्यावाल्याचा नाही.

दारूबंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी भांडं आपटते, त्या बाईला विचारा, बंदी पाहिजे का नको. ती काय सांगेल ते मला माहीत आहे. पण बंदीच्या जिल्ह्यात पोरगा वाढवायचा असेल तर बंदीचा कायदा कागदावर काय करून ठेवते, हेही घरात माहीत असलं पाहिजे.

'मिटलं' म्हणजे नेमकं काय झालं?

आपण एकच शब्द सगळीकडे वापरतो, 'मिटलं'. कायद्यात त्याचे वेगवेगळे अर्थ निघतात.

एक, पोलिसांनी पकडलं, गुन्हा नोंदवला, पण कोर्टात साक्षी-पुरावा टिकला नाही, सुटका झाली. ही निर्दोष मुक्तता.

दोन, कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. ही शिक्षा आहे. दंड पाचशेचा असो का पाच हजाराचा, कागदावर दोषसिद्धीच लिहिली जाते. अन् एकदा स्वतःहून कबुली दिली की तो निकाल वरच्या कोर्टात फिरवणं फार कठीण जाते.

तीन, केस सुरूच आहे, पण समन्स आलं नाही म्हणून आपण विसरलो. ही प्रलंबित केस. ही सर्वांत धोक्याची, कारण पोरगा खरंच 'काही नाही' समजून चालतो.

चार, गुन्हा नाही, पण चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं. दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली असं बंधपत्र घेता येते. हातभट्टीवाल्या घरांत हे नेहमीचं आहे. त्याचीही नोंद राहते.

अन् नोंद आता कुठल्या तरी कपाटातल्या रजिस्टरात पडून राहत नाही. पोलीस ठाणी सीसीटीएनएस नावाच्या संगणक जाळ्यानं जोडली आहेत. कोर्टाच्या केसा ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर नावानं शोधता येतात. वीस वर्षांपूर्वी ठाण्यातला ओळखीचा हवालदार 'काही नाही' लिहून देत असेल, आता त्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट आमच्याही धंद्याची सांगून टाकतो. 'वॉश आऊट मोहीम, मोहा सडवा नष्ट, अमुक इतका मुद्देमाल जप्त' या बातम्या आम्हीच टाकतो. पोलिसांची प्रेसनोट आली की नाव, वय, गाव सगळं जसंच्या तसं. केस पुढं सुटली तरी ती बातमी गुगलवर तशीच राहते. सुटल्याची प्रेसनोट कोणी पाठवत नाही. मीही आजवर किती वेळा विचार न करता नावं टाकली, ते आठवलं की बरं वाटत नाही. दोन पव्व्यांच्या केसमध्ये एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव छापायची काय गरज होती?

फॉर्म काय विचारतो?

आपल्याकडे सरकारी नोकरीआधी चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी होते. उमेदवार साक्षांकन नमुना भरतो, तो पोलिसांकडे जातो, ते रेकॉर्ड पाहतात, गावात विचारपूस करतात अन् अहवाल पाठवतात. गोपनीय स्वरूपाच्या पदासाठी याहून खोल चौकशी होते.

केंद्र सरकारच्या नमुन्यात प्रश्न असे येतात: कधी अटक झाली का? खटला चालला का? स्थानबद्ध केलं का? बंधपत्र घेतलं का? कोर्टानं दंड केला का? दोषी ठरवलं का? सध्या एखादी केस सुरू आहे का? राज्याच्या नमुन्याचा रोखही असाच राहतो.

आता नीट पाहा. 'तुम्ही दारू पिता का' असा हा प्रश्न नाही. 'दारू पिऊन सापडले का, अन् त्याचं पुढं काय झालं' असा प्रश्न आहे. म्हणजे रोज पिणारा पण कधी न सापडलेला माणूस खरं लिहूनही सगळीकडे 'नाही' लिहू शकतो. अन् जन्मात एकदा पिऊन सापडलेला पोरगा अडकतो. आपली पद्धत सवय तपासत नाही, केस तपासते. या विषयाची खरी गाठ इथंच आहे.

त्याच फॉर्मवर सुरुवातीला इशारा दिलेला राहते, की खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर ती अपात्रता ठरेल. लोक हा इशारा वाचत नाहीत. माझ्या भाच्यानंही वाचला नव्हता.

सुप्रीम कोर्ट काय म्हणते?

या विषयावरचा मुख्य निकाल २१ जुलै २०१६ चा आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. तीन न्यायमूर्तींच्या पीठानं आधीचे उलटसुलट निकाल एकत्र पाहून नियमावलीच घालून दिली. तिचा अर्थ आपल्या भाषेत असा.

पहिलं, अटक, केस, शिक्षा, सुटका, जे विचारलं ते खरं सांगायचं. लपवाछपवी नाही.

दुसरं, केस क्षुल्लक असेल, सांगितली असती तरी नोकरी गेली नसती अशी असेल, तर ती लपवल्याची चूक माफ करण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे. कोर्टानं उदाहरण दिलं ते कोवळ्या वयात घोषणा दिल्याचं. पव्व्याचं नाही. म्हणून 'दारूची केस क्षुल्लकच असते' असं स्वतःच धरून चालू नका.

तिसरं, संपलेली केस खरी सांगितली तरी नोकरी मिळेलच असं नाही. नोकरी देणारा तुमचं पूर्वचारित्र्य पाहून ठरवू शकतो, त्याच्यावर जबरदस्ती नाही.

चौथं, क्षुल्लक केस सुरू आहे अन् ती खरी सांगितली, तर परिस्थिती पाहून नेमणूक देता येते. पण अनेक केसा सुरू असताना जाणूनबुजून लपवल्या, तर नेमणूक रद्द होऊ शकते.

पाचवं, जी केस तुम्हाला माहीतच नव्हती तिच्याबद्दल 'लपवली' असा ठपका सरसकट ठेवता येत नाही. अन् फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणूनही दोषी धरता येत नाही.

त्याआधीचे दोन निकालही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या संदीप कुमार प्रकरणात कोर्टानं पोराची बाजू घेतली. मारामारीची जुनी केस, पुढं समझोता झालेला. तरुण वयात चुका होतात, जन्मभराचा शिक्का मारू नये, असा त्या निकालाचा सूर होता. २०१३ मध्ये मेहर सिंग प्रकरणात मात्र कोर्ट म्हणाले की पोलीस दलात येणारा माणूस स्वच्छ पाहिजे, नुसती सुटका झाली म्हणून हक्क तयार होत नाही.

या सगळ्यातून माझ्या बुद्धीला समजलं ते एवढं: जुन्या केसनं नोकरी जाऊ शकते किंवा वाचू शकते, ते माणसा-माणसावर अन् केसवर आहे. पण लपवलेली केस पुढं सापडली तर वाचण्याची वाट फार अरुंद होते. कारण मग प्रश्न पव्व्याचा राहत नाही, खोटं बोलण्याचा होतो.

सगळ्या दारूच्या केसा सारख्या नाहीत

पडताळणी करणारा अधिकारी 'दारूची केस' एवढं वाचून थांबत नाही, कलम पाहते. तुम्हीही पाहा.

कलम ६६ हे मुख्यतः बिनापरवाना पिणं, स्वतःसाठी जवळ बाळगणं यासाठी लागते. कलम ८५ म्हणजे सार्वजनिक ठिकाणी पिऊन गोंधळ. अन् कलम ६५ म्हणजे गाळणं, विकणं, वाहतूक करणं. पिणारा अन् विकणारा यांत मोठा फरक आहे. पण कित्येकदा पोराला पकडताना कुठलं कलम लागलं हे घरच्यांना माहीतच नसते. माल थोडा जास्त असला की ६५ लागते अन् पिणारा पोरगा कागदावर विक्रेता होतो. म्हणून एफआयआरची प्रत आधी हातात घ्या. ज्याच्यावर वारंवार हातभट्टीच्या केसा आहेत, त्याच्यावर तर १९८१ च्या एमपीडीए कायद्यानं स्थानबद्धतेपर्यंत गोष्ट जाते.

चौथा प्रकार पिऊन गाडी चालवण्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघालं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ड्रायव्हरच्या पदासाठी अर्ज करणाऱ्या पोरानं हे विसरून चालणार नाही.

घरातल्या केसचा प्रश्नही लोक विचारतात. बापावर केस आहे, पोराला अडचण येईल का? फॉर्ममधले केसचे प्रश्न उमेदवाराच्या स्वतःबद्दल राहतात. बापाचा गुन्हा पोराच्या नावावर चढत नाही. पण धाड पडली तेव्हा बाप पळाला अन् घरी असलेल्या पोराला आरोपी केलं, असं झालं असेल तर ती केस पोराचीच. आयाबायांनो, हे नीट ध्यानात ठेवा.

पुलगावच्या फाटकावर कडक का?

आता दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्याची गंमत पाहा, एक दारू इथं बंद, अन् दुसऱ्या दारूचं देशातलं मोठं कोठार इथंच. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक मानल्या जाते. आजूबाजूच्या गावांतली किती घरं त्या फाटकावर जगतात.

३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली अन् स्फोट झाले, ती रात्र देवळी तालुका विसरला नाही. दोन अधिकाऱ्यांसह पंधरावर माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले जवान होते. गावच्या गावं अंधारात घर सोडून निघाली होती. मग २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव (आबाजी) शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला अन् सहा जणांचा जीव गेला. त्यात रोजंदारीवर गेलेली आजूबाजूच्या गावची माणसं होती.

या घटना मी दारूच्या व्यसनाशी जोडत नाही, गैरसमज नको. सांगायचं एवढंच की अशा ठिकाणी एका माणसाचा हात थरथरला किंवा डोकं ठिकाणावर नसलं तर किंमत बाकीच्यांनी मोजायची असते. तिथं कोणाला आत घ्यायचं हे सरकार कडकपणे तपासत असेल, तर त्यात आपल्याच गावाचं भलं आहे. शिवाय व्यसनी माणसाला पैशाची तंगी राहते, तो कोणाच्याही शब्दात सापडू शकते, ही भीती सगळ्या देशांच्या संरक्षण खात्यांना वाटते.

नोकरी लागल्यावरही नियम आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम २२ सांगते की ज्या भागात असाल तिथला दारूविषयीचा कायदा काटेकोर पाळायचा, कामावर नशेत राहायचं नाही, सार्वजनिक ठिकाणी पिऊन फिरायचं नाही. म्हणजे डेपोतला नागरी कर्मचारी वर्ध्याच्या बंदीतून सुटत नाही. उलट त्याच्यावर दुहेरी बंधन: इकडं गुन्हा, तिकडं विभागीय कारवाई.

व्यसन होतं, पण आता सुटलं. त्याचं काय?

आतापर्यंत एकदा सापडलेल्याचं पाहिलं. आता जो खरंच व्यसनात होता अन् बाहेर आला, त्याचं पाहू.

अमेरिकेत गोपनीय कामावर घेण्याआधी माणसाची सुरक्षा तपासणी होते. २०१७ पासून लागू असलेल्या त्यांच्या नियमावलीत दारूवर वेगळं प्रकरणच आहे. पिऊन गाडी चालवणं, कामावर पिऊन येणं, डॉक्टरांनी व्यसनाचं निदान करणं, हे सगळं विरोधात धरल्या जाते. पण त्याच पानावर पुढं बाजूचे मुद्देही लिहिले आहेत: घटनेला बराच काळ लोटला का, माणसानं आपली चूक मान्य केली का, उपचार घेतले का, त्यानंतर न पिता राहून दाखवलं का. अन् शेवटी एका घटनेवर नाही, पूर्ण माणसावर निर्णय करा असं सांगितलं आहे. तिथंही फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हा वेगळा अन् मोठा दोष आहे.

आपल्याकडे उपचार घेतल्याची अशी जमेची बाजू फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही. त्यामुळे लोकांच्या मनात उलटीच भीती बसली: दवाखान्यात नाव लागलं तर नोकरी जाईल. या भीतीपायी माणसं सेवाग्रामच्या, सावंगीच्या मानसोपचार विभागाच्या दारातून परत येतात.

ही भीती काढून टाका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-नशेशी जोडलेल्या मानसिक त्रासालाही आजार म्हणते, अन् कलम २३ रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगते. उपचार घेणं हा गुन्हा नाही. दवाखान्याची फाईल म्हणजे पोलिसांचं रजिस्टर नव्हे. हां, सैन्याच्या किंवा पोलिसाच्या मेडिकलमध्ये डॉक्टर तब्येत तपासतील, तिथं व्यसनाची खूण निघाली तर अडचण येईल. पण ती अडचण दारूनं येते, उपचारानं नाही. उपचार न घेणाऱ्याचं लिव्हर काही गोपनीयता पाळत नाही.

पुण्यात अनिल अन् अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथून बरी होऊन गेलेली माणसं आज कामधंद्याला लागली आहेत, कित्येक जण दुसऱ्यांची दारू सोडवायच्या कामात आहेत. सुटते दारू. आपल्या गावातही सोडलेली दोन-चार माणसं असतातच, फक्त आपण त्यांना अजून जुन्याच नावानं ओळखतो. पडताळणीला पोलीस गावात येतात तेव्हा चौकात उभं राहून "तो? तो तं बेवडा होता" असं बोलणारे आपणच असतो. पाच वर्षांपूर्वी सोडली हे सांगायला आपल्या तोंडाला काय होते?

माझं म्हणणं

सरकारकडून दोन गोष्टी झाल्या पाहिजेत असं मला वाटते. पहिली, फक्त पिण्याची किंवा एखाद-दुसरा पव्वा जवळ असल्याची जुनी केस, वय लहान, पुढं काही नाही, अशा प्रकरणात काय करायचं हे सरकारनं स्पष्ट लिहून जाहीर करावं. आज ते साहेबावर अवलंबून आहे. एका जिल्ह्यात एकाला घेतात, दुसऱ्या जिल्ह्यात तशाच पोराला परत पाठवतात, असं होऊ नये. विकणाऱ्याला अन् वारंवारच्या आरोपीला ही सूट नको. दुसरी, कोर्टात कबुली देण्याआधी पोराला कोणीतरी साध्या मराठीत सांगावं की बाबा, ही शिक्षा आहे अन् ती फॉर्ममध्ये लिहावी लागेल. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर मी ते 'कबूल कर' म्हणालो नसतो.

ज्याच्या घरी अशी केस आहे त्यानं काय करावं?

१. आधी खरं काय ते शोधा. ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकून पाहा. एफआयआर अन् निकालाची नक्कल काढा. आठवणीवर फॉर्म भरू नका.

२. केस सुरू असेल तर कबुली देण्याआधी वकिलाला दोन प्रश्न विचारा. लढता येते का? अन् १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा, फायदा मिळेल का? त्या कायद्याचं कलम १२ सांगते की अशा सुटकेमुळे शिक्षेची अपात्रता लागत नाही. तरी फॉर्ममध्ये विचारलं तर केस सांगावीच लागते.

३. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, तसंच वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळते. फोन १५१००.

४. घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम २४ वकिलाला दाखवा. लहान वयातल्या दोषामुळे पुढं अपात्रता लागू नये अशी त्यात तरतूद आहे.

५. प्रश्न नीट वाचा, जे विचारलं त्याचं खरं उत्तर लिहा. 'होय' लिहिलं तर केस क्रमांक, कलम, निकाल, तारीख लिहा अन् नक्कल जोडा.

६. दारू सुटत नसेल तर उद्यावर टाकू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही फोन फुकट आहेत.

आता भाच्याचं. त्या रात्री मोटर न लावताच परत आलो. दुसऱ्या दिवशी दोघं कोर्टात गेलो, निकालाची नक्कल मागितली. ती हातात आल्यावर त्यानं फॉर्मवर 'होय' लिहिलं. लिहिताना त्याचा हात थांबला होता, मीच म्हणालो, लिव बाप्पा. त्याची माय, म्हणजे माझी बहीण, माझ्याशी चार दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, तूच त्याला कबूल करायला लावलं, अन् आता तूच हे लिवायला लावलं. तिचं चूक नाही.

पडताळणीचा अहवाल अजून यायचा आहे. नेमणूक होईल का नाही, आज सांगता येत नाही. झाली तर पेढे घेऊन जाईन. नाही झाली, तर त्यानं वय आहे तोवर पुढच्या भरतीत पुन्हा धावावं, अन् तिथंही 'होय'च लिहावं, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

तुमच्या घरी कोर्टाची तारीख लागली असेल, तर 'मिटव' म्हणण्याआधी एकदा थांबा. एवढ्यासाठीच हे लिहिलं.